कार्मीण मांयची शेवटची कवंद

माझ्या सासूनं, कार्मीण मांयनं, सुई खाली ठेवली तेव्हा ती बासष्ट वर्षांची होती. त्याच महिन्यात आमच्या शाळेचे मास्तर रिटायर झाले होते, गळ्यात हार घालून त्यांचा फोटो काढला होता. त्यामुळे माझा नवरा पेद्रू सगळ्यांना सांगत सुटला की आमची मांयपण रिटायर झाली. मग काय, वाडीतल्या बायका पाण्याला जाता-येता विचारायच्या, "काय गो कार्मीण, पेन्शन किती बसली?" ती म्हणायची, "दोन भाकऱ्या आणि सुनेच्या शिव्या." सगळ्या हसायच्या. मीही हसायचे. तिनं शिवणं का सोडलं ते तिच्याखेरीज फक्त मला ठाऊक होतं, आणि कुणाला बोलायचं नाही असं तिनं मला बजावलं होतं. तिला जाऊन आता दीड वर्ष झालं. आता सांगायला हरकत नाही.

आमची वाडी यल्लापूरच्या पलीकडे, जंगलाला लागून. बावीस घरं, सगळी सिद्द्यांची, आमचे पूर्वज कधीकाळी आफ्रिकेतून आलेले. पुरुष हेगड्यांच्या सुपारीच्या बागेत कामाला, बायकाही सुपारी सोलायला. उरलेल्या वेळात प्रत्येक घरात कवंद शिवली जायची. तुम्ही गोधडी म्हणता तीच, पण आमची कडेपासून आत शिवत येते. खाली एक जुनं पातळ अंथरायचं, वर फाटक्या कपड्यांचे तुकडे लावत लावत गोल फिरत मधोमध यायचं. शेवटी मधलं पोट शिवायच्या आधी आत चिमूटभर तांदूळ टाकायचे, म्हणजे पांघरणाऱ्याला उपाशी झोपायला लागत नाही. चारी कोपऱ्यांवर कापडाची घडी घालून फुलं लावायची. फुलं नसली तर कवंद उघडी दिसते, उघडी कवंद कुणाला देऊ नये.

मांयच्या हातची कवंद लांबूनही ओळखू यायची. तिचे टाके तांदळाएवढे आणि एका रेषेत. घरात मूल झालं की त्याच्या बाप्तिस्म्याच्या आत त्याची कवंद तयार. तिचे तीन मुलगे, एक मुलगी, सुना, नातवंडं, प्रत्येकाची निराळी. कुठल्या तुकड्यात कुणाचा सदरा आहे, कुणाचा परकर आहे, हे ती बोट ठेवून सांगायची. माझं लग्न झालं तेव्हा तिनं माझ्या आईकडून माझा शाळेतला निळा परकर मागून घेतला होता. का मागतेय ते आईला कळलं नव्हतं. मी घरात पाऊल ठेवलं त्या दिवशी पलंगावर तो माझ्या नवऱ्याच्या सदऱ्याशेजारी शिवलेला होता.

घरासाठी ती आणखी एक गोष्ट करायची. मे महिन्यात एक दिवस सगळ्यांनी समुद्रावर जायचं. हे सुरू झालं तिच्या मुलीपासून. इनासीण दहा वर्षांची असताना तिच्या अंगाला खरूज उठली होती, काही केल्या जाईना. कुणीतरी म्हणालं, खाऱ्या पाण्यात नऊ डुबक्या द्या. मांय तिला घेऊन अरबैल घाट उतरून अंकोल्याला गेली, डुबक्या दिल्या. खरूज गेली. पुढच्या मेमध्ये पोरगी म्हणाली, मला परत जायचंय. मांय म्हणाली, आता कशाला, बरी झालीस ना? ती म्हणाली, बरी झाले म्हणूनच. तेव्हापासून सगळं घरच जायला लागलं. पहिल्यांदा बसनं, मग हेगड्यांच्या टेम्पोतून.

मी सून म्हणून आल्यावर पहिल्यांदा समुद्र पाहिला तो मांयचा हात धरून. तांदळाच्या भाकऱ्या, सुक्या मासळीची चटणी, दोन फणस आणि माझ्या सासऱ्यांचा दमाम, आमचा ढोल, टेम्पोत घातलेला. सासरे बस्त्यांव तेव्हा होते. वाळूत कवंदी अंथरायच्या, म्हाताऱ्यांनी त्यावर बसायचं, बाकीच्यांनी पाण्यात. मांय साडी गुडघ्यापर्यंत खोचून पाण्यात उभी राहायची आणि एकेकाचा दंड धरून नऊ डुबक्या मोजायची. मोठ्या मुलाला, सांतानला, मिशा फुटल्या तरी ती सोडायची नाही. मग सासरे दमाम वाजवायचे, आम्ही बायका नाचायचो. समुद्रावर हिंडायला आलेले लोक आमच्याभोवती गोळा व्हायचे. आमचे केस, आमचे चेहरे बघून हमखास कुणीतरी विचारायचं, तुम्ही कुठल्या देशाचे? मांय म्हणायची, "यल्लापूर देशाचे. तुम्ही?"

इनासीण शिकली. हुबळीला एका दवाखान्यात आयाच्या कामाला लागली. तिथं जयशील नावाच्या मुलाशी तिचं जमलं. तो रेल्वेच्या कारखान्यात होता, ख्रिस्तीच, पण सिद्दी नव्हे. त्याच्या घरच्यांनी तोंडं वाकडी केली, पण लग्न झालं. एका नाताळला तिला मुलगी झाली, म्हणून नाव नातलीन. आम्ही लीना म्हणायचो. लीना दोन वर्षांची असताना इनासीणला कावीळ झाली आणि तीन आठवड्यांत ती गेली. मांय हुबळीला गेली ती नातीला कडेवर घेऊन आणि लेकीच्या कपड्यांचं गाठोडं डोक्यावर घेऊन परत आली. जयशील तिच्या मागोमाग दारापर्यंत आला होता. तो रडत होता, पण थांबा म्हणाला नाही. एकट्या पुरुषानं दोन वर्षांचं पोर कसं सांभाळायचं?

पुढची पाच वर्षं लीना आमच्याकडे होती. ती मांयच्या पायापाशी बसून तुकडे निवडून द्यायची. लाल दे म्हटलं की पिवळा द्यायची आणि हसायची. मांय तिला लेकीचं हिरवं पातळ दाखवायची, लग्नातलं, मऊ रेशमासारखं. "हे तुझ्या आईचं. तू मोठी झालीस की याची तुला कवंद शिवून देईन." लीना त्यात तोंड खुपसून वास घ्यायची. वास तर केव्हाच गेला होता.

ती सात वर्षांची झाली तेव्हा जयशील आला. त्यानं दुसरं लग्न केलं होतं. बायकोचं नाव करुणा, तीही बरोबर होती. तिला मूल होणार नाही असं डॉक्टरांनी सांगितलं होतं. जयशील म्हणाला, हुबळीत चांगली शाळा आहे, पोरगी शिकेल. पेद्रू तावातावानं भांडला, पाच वर्षं कुठं होतास म्हणाला. शेवटी मांयनंच त्याला गप्प केलं. "बाप आहे तो. आणि इथं ती काय शिकणार, सुपारी सोलायला?" फक्त एक मागणं तिनं मागितलं. मेमध्ये पंधरा दिवस पोरगी इकडे पाठवायची, समुद्राला. करुणा म्हणाली, "मी स्वतः आणून सोडेन, मांय."

तिनं शब्द पाळला. तीन वर्षं लीना यायची. पण दर वर्षी ती थोडी थोडी निराळी होऊन यायची. पहिल्या वर्षी तिचे केस इतके बारीक कापले होते की कुरळे आहेत हे कळू नये. दुसऱ्या वर्षी ती आमच्याशी कानडीत बोलायला लागली. तिसऱ्या वर्षी, ती दहाची होती तेव्हा, समुद्रावर नेहमीसारखी माणसं जमली, एक बाई मोबाइलनं आमचे फोटो काढायला लागली, आणि लीना उठून लांब गेली. एका भेळवाल्याच्या गाडीपाशी दुसऱ्याच कुटुंबाच्या शेजारी जाऊन उभी राहिली, जशी काही त्यांच्यातलीच. मी मांयकडे पाहिलं. तिनं पाहिलं होतं. ती मला म्हणाली, "उन्हात उभी आहे गो पोर, तिला टोपी नेऊन दे."

चौथ्या मेमध्ये ती आली नाही. करुणाचा फोन आला, नाचाचा क्लास आहे म्हणाली. त्याच वर्षी पावसाळा सरल्या-सरल्याच मांयनं लेकीचं गाठोडं सोडलं. माझी सासू लेकीच्या कपड्यांना दहा वर्षं कात्री लावू शकली नव्हती. ती आता रोज पडवीत बसून शिवायला लागली. मधोमध हिरवं पातळ, भोवती इनासीणच्या दवाखान्यातल्या पांढऱ्या साड्या, तिचा लहानपणीचा फ्रॉक, लीनाचं अंगडं. तीन महिने लागले. कोपऱ्यांना फुलं लावताना तिनं मला बोलावून विचारलं, "शहरातल्या पोरीला आवडेल ना ही?" कुठल्या कवंदीबद्दल तिनं कुणाला असं विचारलेलं मी ऐकलं नव्हतं. आवडेल की, म्हटलं.

ईस्टर झाल्यावर ती म्हणाली, आपण हुबळीला जाऊ. मेसाठी लीनाला बोलावून येऊ, कवंद देऊन येऊ. मला कानडी नीट येते म्हणून मला बरोबर घेतलं. तिनं नाताळचं लुगडं नेसलं. बसमध्ये चार तास ती गाठोडं मांडीवर घेऊन बसली, वरच्या फळीवर ठेवू दिलं नाही.

जयशीलचं घर एका ओळीतल्या आठ-दहा घरांमधलं. पुढं छोटी ओटी. ओटीवर चार मुली कॅरम खेळत होत्या. एक लीना. बारा वर्षांची, मला पटकन ओळखूही आली नाही, इतकी उंच झाली होती. केस तेल लावून घट्ट बांधलेले. तिनं मान वर केली, आम्हाला पाहिलं आणि तिच्या हातातला स्ट्रायकर तसाच राहिला.

मांय हसत पायरीपाशी आली. दुसऱ्या एका मुलीनं विचारलं, "नीता, या आजी कोण गं?" तिथं तिला नीता म्हणत होते.

लीना उभी राहिली. तिनं आमच्याकडे पाहिलं नाही. ती म्हणाली, "त्या खेड्यातून येतात. गोधड्या विकायला."

माझं तोंड उघडलंच होतं. मांयनं माझ्या पायावर पाय दिला, चांगला दाबून. आणि ती पायरीवर बसली, ओटीवर चढली नाही. गाठोडं खाली ठेवलं आणि तिच्या मोडक्या कानडीत म्हणाली, "होय बाय, विकायलाच आले. आई आहे का घरात? विचार तिला, गोधडी हवी का."

ज्या मुलीनं विचारलं होतं तिची आई शेजारच्या घरातून बाहेर आली. तिला गोधड्या बघायच्या होत्या. बँकेतल्या कुणाची तरी बायको होती, बोलायला चांगली. दाखवा म्हणाली. मांयनं गाठोडं सोडलं आणि ती कवंद त्या पायऱ्यांवर उलगडली. तीन महिने मी ती रोज बघत होते, पण तिथं उन्हात ती अशी दिसली की त्या बाईनं दोन्ही हात गालांना लावले. हिरव्या तुकड्यावरून हात फिरवत ती म्हणाली, "हे काय मऊ आहे हो. कुणाचं पातळ?"

"एका पोरीचं होतं," मांय म्हणाली. "तिला आता लागत नाही."

"म्हणजे वापरलेलं?"

"धुतलेलं आहे, बाई."

लीनानं तेव्हा हिरव्याकडे पाहिलं. तिनं ते ओळखलं. मी बघत होते तिच्याकडे. ती खांबाला धरून उभी होती, मग वळली आणि घरात गेली. बाईनं किंमत विचारली. मांय म्हणाली, तुम्हीच द्या काय ते. बाईनं दिलं ते तिनं न बघता कमरेला खोचलं, कवंदीची घडी घालून दिली, आणि म्हणाली, "पहिल्यांदा वापराल तेव्हा उन्हात टाका. आणि पोरीला द्या पांघरायला, मोठ्या माणसाला लहान पडेल."

इतक्यात करुणा बाहेर आली. कदाचित लीनानं आत सांगितलं असेल. करुणानं मांयला पाहिलं, शेजारणीच्या हातातली कवंद पाहिली, आणि तिचा चेहरा पडला. ती काही बोलणार तोच मांय म्हणाली, "ताई, घोटभर पाणी द्याल का? ऊन फार आहे." करुणानं पाणी आणलं. देताना अर्धं पाणी मांयच्या लुगड्यावर सांडलं. मांयनं तांब्या परत दिला, उठली, आणि आम्ही निघालो.

कोपऱ्यावर करुणा मागून धावत आली. पायात चप्पलही नव्हती. रडत म्हणाली, चूक माझी आहे. या गल्लीत राहायला आलो तेव्हा मीच सगळ्यांना सांगितलं, नीता माझ्या पोटची. पोरीला कुणी सावत्र म्हणू नये, बिनआईची म्हणून कीव करू नये. तिच्या केसांवरून शाळेत चिडवतात, तर मी म्हणते माझ्या माहेरी असेच केस आहेत. आता ती सगळं निभावतेय, लहान जीव. "तुम्ही चला परत, मांय. मी सगळ्यांसमोर सांगते तुम्ही कोण ते."

मांयनं तिच्या डोक्यावरून हात फिरवला. "नको. तू बरं केलंस. तिला आई पाहिजे होती, ती मिळाली. आता तुझ्या पोटची आहे तर तशीच राहू दे. तिला रागावू नकोस. आणि आज जेवली नाही तर मागे लागून जेवायला घाल."

बसस्टँडवर मांयनं ते कमरेचे पैसे काढले आणि सगळ्याचे पेढे घेतले. मला म्हणाली, घरी विचारलं तर लीनानं पाठवलेत म्हणून सांगायचं. कवंद तिला आवडली, पण मेमध्ये क्लास आहे. आणि यातलं एक अक्षर पेद्रूला कळता कामा नये, तो काठी घेऊन हुबळीला जाईल. मी रडायला लागले. ती म्हणाली, "तू कशाला रडतेस? तुझी नात आहे का?" घरी पोचल्यावर पेढे वाटले. सगळ्यांनी खाल्ले, लीनाचं कौतुक केलं. मांयनंही एक खाल्ला.

दुसऱ्या दिवशी तिनं सुया, दोरा आणि घरातल्या इतरांच्या कपड्यांचे तुकडे माझ्या हातात दिले. डोळ्यांना दिसत नाही म्हणाली. तेव्हा तिला शंभर पावलांवरचं कोंबडीचं पिल्लू दिसत होतं.

त्यानंतर घरात दोन नातवंडं जन्मली. त्यांच्या कवंदी मी शिवल्या. माझे टाके वाकडे येतात. मांय त्या हातात घेऊन बघायची, छान झाली म्हणायची आणि घडी घालून ठेवायची. एकदा फक्त तिनं माझा एक कोपरा उसवायला सांगितला, फुलाची घडी उलटी बसली होती. मी म्हटलं, तूच घाल ना. तिनं कापड बोटांत धरलं, एक घडी घातली, दुसरी घातली, आणि परत माझ्याकडे दिलं.

मेची सहल मात्र तिनं सोडली नाही. उलट ती जास्तच हौसेनं करायला लागली. एप्रिलपासून सांतानच्या मागे टेम्पोसाठी लागायची. सासरे गेल्यावर दमाम वाजवायला कुणी नव्हतं, तर तिनं शेजारच्या रोझूच्या नवऱ्याला आमच्यात ओढलं. पाण्यात उभी राहून सगळ्यांच्या डुबक्या मोजायची, हसायची, नाचायची. बघणाऱ्याला वाटावं हिच्याएवढं सुखी कुणी नाही. फक्त सगळ्यांचं झाल्यावर ती एकटी पाण्यात थोडी पुढं जायची आणि नऊ वेळा बुडायची. कुणासाठी ते मी विचारलं नाही. पेद्रू दर वर्षी म्हणायचा, लीना शिष्ट झाली, आपल्याला विसरली. मांय त्याला झापायची. "तिची परीक्षा असते. तुला परीक्षा म्हणजे काय ते माहीत आहे का? तिसरीत दोनदा बसलास तू."

अशी सात वर्षं गेली. आणि एका मेमध्ये, समुद्राला जायच्या दोन दिवस आधी, दुपारी एक उंच मुलगी पाठीला बॅग लावून वाडीत आली. केस मोकळे, कुरळे, खांद्यावर पसरलेले. मी विहिरीवर होते. ती म्हणाली, "मामी, मी लीना." मंगळुरूला नर्सिंग शिकत होती.

मांयला तोवर खरंच कमी दिसायला लागलं होतं. तिनं लीनाचा चेहरा दोन्ही हातांनी चाचपला, मग केसांत बोटं घातली आणि बराच वेळ काढली नाहीत. म्हणाली, "तेल लावत नाहीस वाटतं." एवढंच.

संध्याकाळी लीना माझ्याबरोबर भांडी घासायला बसली आणि आपण होऊन सांगायला लागली. आम्ही हुबळीला गेलो त्या दिवशी रात्री तिला ताप भरला होता. शेजारची ती मैत्रीण, अनिता, तीच कवंद पांघरून झोपायची. "मी अभ्यासाच्या निमित्तानं रोज तिच्या घरी जायचे, मामी. त्या गोधडीवर बसायचे. हिरव्या तुकड्यावरच बसायचे. अनिता म्हणायची, तुला एवढी आवडते तर तुझ्या आईला सांग, त्या बाईकडून आणखी एक घ्यायला." वर्षभरानं अनिताच्या वडिलांची बदली झाली आणि सामानाबरोबर कवंदही गेली. त्या दिवशी लीनानं घरी करुणाला सगळं सांगितलं. करुणा म्हणाली, चल आत्ता जाऊ मांयकडे. लीनाच येईना. मग जितकी वर्षं जात गेली तितकं येणं अवघड होत गेलं.

"मांयला सांगू ना मी?" लीनानं विचारलं. "माफी मागायची आहे."

सांग म्हटलं. मला वाटत होतं, बोलून टाकलं तर दोघींचं बरं होईल.

समुद्रावर लीना मांयचा हात धरून पाण्यात उतरली. मी दोन पावलांवर होते, मला ऐकू येत होतं. लीना म्हणाली, "मांय, हुबळीला त्या दिवशी मी..."

"कुठल्या दिवशी?"

"तू गोधडी घेऊन आली होतीस."

"हां, ती ना," मांय म्हणाली. "ती विकली गेली. चांगली बाई होती. वाक, वाक, लाट येतेय."

लीना रडत होती, पण पाण्यात ते कुणाला दिसणार? तिनं पुन्हा सुरुवात केली. मांयनं तिचा दंड धरला आणि तिला पाण्यात बुडवलं. एक. वर आली की पुन्हा बोलायला बघायची, की दोन. नऊ होईपर्यंत मांयनं तिला बोलू दिलं नाही. आणि मग म्हणाली, "संपलं. आता बाहेर जाऊन भाकरी खा, हाडं नुसती लागतायत हाताला."

जायच्या दिवशी लीनानं मांयकडे एक कवंद मागितली. कसलीही चालेल, लहानशी. मांयनं आपले हात पुढं केले, बोटं वाकडी झाली होती. "वर्षभर आधी आली असतीस तरी कशीतरी शिवली असती गो," ती म्हणाली. त्या वेळी मात्र मी तिच्या डोळ्यांत पाणी पाहिलं. हुबळीला नव्हतं पाहिलं. लीनानं मला विचारलं, मामी, तू शिवून देशील का. मी नाही म्हणू शकले नाही, पण शिवायलाही घेतली नाही. कशी शिवणार? इनासीणचा एक धागाही घरात उरला नव्हता.

पुढच्या ऑगस्टमध्ये मांय पडली. पाच दिवस अंथरुणावर होती. मी लीनाला फोन केला, ती निघाली, पण त्या आठवड्यात घाटात दरड कोसळून रस्ता बंद होता. ती शिमोग्यावरून वळसा घालून आली तोवर माती देऊन दोन दिवस झाले होते. करुणा हुबळीहून येऊन पोचलेली होती. ती माझ्या शेजारी चुलीपाशी बसायची, भाकऱ्या थापू लागायची, त्या धड गोल व्हायच्या नाहीत. वाडीतल्या बायकांनी विचारलं, ही कोण? माझ्या आधी तीच म्हणाली, "मी लीनाची धाकटी आई."

लीना मातीवर फुलं ठेवून आली आणि पडवीत बसली. अंगावर अजून प्रवासातलेच ओले कपडे. तिनं विचारलं, "शेवटी माझं नाव घेतलं का तिनं?"

मला खोटं बोलता आलं असतं. मांयनं मला चांगलं शिकवलं होतं. पण ती नर्स होणारी मुलगी, अशी सरळ बघत होती की मला जमलं नाही. मी म्हटलं, नाही. पाचही दिवस ती इनासीणला हाक मारत होती. मलाच इनासीण समजून माझा हात धरून विचारायची, अंग खाजतंय का अजून, बाय?

लीनानं मान हलवली. "बरोबर आहे," ती म्हणाली. मग तिनं विचारलं की मांयचे कपडे कुठं आहेत. मी पेटी दाखवली. चार लुगडी होती, नाताळचं धरून. त्यातलं एकही तिनं मागितलं नाही. नुसती घडी मोडायची, पुन्हा घालायची.

पेद्रूला मी सगळं सांगितलं ते गेल्या मेमध्ये, समुद्रावरून येताना. तो टेम्पोत माझ्याशेजारी बसला होता. अरबैल घाट चढल्यावर तो म्हणाला, म्हणजे ते पेढे लीनानं पाठवलेच नव्हते. त्या वर्षी समुद्रावर आम्ही सतरा जणच होतो. लीनाला ड्यूटी होती, तिनं फोनवर सगळ्यांशी एकेक करून बोलून घेतलं. पाणी त्या दिवशी खवळलेलं होतं, मुलांना गुडघ्यापर्यंतच जाऊ दिलं. डुबक्या कुणी मोजायच्या यावरून सांतान आणि पेद्रूचं थोडं वाजलं, शेवटी कुणीच मोजल्या नाहीत. जेवण करून आम्ही बारा वाजायच्या आतच परत फिरलो.